पेटीतून काय काढलं?

आमच्या घरात सध्या प्रथमोपचाराच्या पेटीवरून खल चालू आहे. नातू आणि त्याचे चार मित्र रतनगडावर जायचं म्हणताहेत. अमेरिकेतल्या भाचीने मोठ्या प्रेमाने त्याला तिकडच्या डोंगरभटक्यांची यादी पाठवली. तीत अस्वलाला पळवायचा फवारा आहे, तिथल्या कसल्याशा खाजऱ्या वेलीवरचं मलम आहे आणि सापाचं विष ओढून काढणारी एक पिचकारीही आहे. नातवाने फवारा आणि मलम खोडलं, पण पिचकारी ठेवली. "आजी, अस्वल नाही भेटणार, पण साप तर आहेत ना!" हा त्याचा मुद्दा.

मुद्दा बिनतोड वाटतो खरा. मी काही डॉक्टर नाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पण इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड लागते. समोरची वस्तू इथवर कशी आली, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीला हा प्रश्न विचारला, तर उत्तर मोठं गमतीचं मिळतं. या पेटीचा इतिहास हा बेरजेपेक्षा वजाबाकीचा इतिहास आहे. तिच्यात काय काय आलं, त्यापेक्षा तिच्यातून काय काय निघालं आणि कशामुळे निघालं, हे जास्त शिकवून जातं.

आमच्या काळच्या शाळेच्या सहलीची पेटी आठवा. पांढरी, पत्र्याची, झाकणावर लाल क्रॉस. सहल कान्हेरीला असो, कार्ल्याला असो की रायगडाला, पेटी बरोबर असायचीच आणि ती सांभाळायचं काम हमखास शेवटच्या बाकावरच्या सर्वांत द्वाड मुलाकडे. आत काय? कापूस, गाठी मारायच्या पट्ट्या, टिंक्चर आयोडीनची बाटली, मर्क्युरोक्रोम म्हणजे ते लाल औषध, भाजल्यावर लावायचं पिवळं बर्नोल, अमृतांजनची पिवळी बाटली, एक पातं, सुतळीचा तुकडा आणि कागदाच्या पुडीत पोटॅशियम परमँगनेटचे जांभळट खडे. शेवटच्या तीन वस्तू सापासाठी. सुतळीने बांधायचं, पात्याने कापायचं, खडे भरायचे. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येसारखं हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

आता त्यातली एकेक वस्तू बाहेर काढून पाहू.

आधी लाल औषध. ते १९१८-१९ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरला तयार झालं. आयोडीन जखमेवर चरचरायचं, हे चरचरत नव्हतं, एवढ्या एका गुणावर त्याने जगभरच्या मुलांची मनं जिंकली. रंगही असा, की गुडघ्यावर लागला की शौर्यपदक मिळाल्यासारखं पोर ते मिरवायचं. पण औषध पाऱ्याचं होतं आणि जंतू मारण्यात यथातथाच. १९९८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला सर्वमान्य सुरक्षित औषधांमधून वगळलं. आयोडीन मात्र टिकलं. १९५० च्या दशकात ते पोव्हिडोन नावाच्या पदार्थाला जोडून सौम्य करण्यात आलं. आज मिळणारं तपकिरी मलम आणि द्रावण ते हेच.

आणि हळद? आमच्या आयांनी आयुष्यभर जखमेवर तीच दाबली. तिची कहाणी तर थेट अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात पोचली. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली तिथल्या एका विद्यापीठाला मिळालं. तेव्हा आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि निबंध पुढे करून आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. अभिमानाची गोष्ट आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी इथे एक बारीक फरक करील. लढाई "हे ज्ञान नवीन नाही" एवढ्या मुद्द्यावर होती. पावसात चिखलाने माखलेल्या जखमेत डब्यातली पूड भरावी, असं काही त्या निकालाने ठरवलं नाही. चिखलाच्या जखमेचं पहिलं औषध पाणी. पिण्याचं स्वच्छ पाणी, भरपूर, धार धरून. भाजल्यावरही तेच. आधी वीसेक मिनिटं साधं गार पाणी, मलमाचं नंतर बघता येतं.

अमृतांजन पेटीत राहिलं तर माझी हरकत नाही. ते १८९३ साली आपल्या मुंबईतच जन्मलं आणि त्याच्या जाहिरातीवरून बोरघाटातल्या १८३० च्या दगडी पुलाला लोक अमृतांजन पूल म्हणू लागले. तो पूल २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत रस्ते ओस असताना पाडला. बाटली मात्र अजून आहे. डोकं दुखणाऱ्याला ती धीर देते आणि कोणाचं नुकसान करत नाही. प्रथमोपचारात नुकसान न करणं हा मोठाच गुण मानायला हवा. कारण पेटीतल्या पुढच्या तीन वस्तूंकडे तो नव्हता.

सुतळी, पातं आणि खडे. यांचं कुळ फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात हातापायाला साप चावला तर दंशाच्या चार अंगुळं वर आवळून बांधायला सांगितलं आहे. छेद देणं, डागणं, शोषणं हेही तिथे येतं. त्या काळात याहून तर्कशुद्ध काय असणार? विष वर चढतं, म्हणून वाट अडवा. आत गेलं, म्हणून बाहेर काढा. इंग्रजांचे डॉक्टर आले तेही याच वाटेने गेले. पोटॅशियम परमँगनेट काचेच्या नळीत सापाचं विष निकामी करतं हे दिसलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर लॉडर ब्रंटन यांनी हिंदुस्थानासाठी एक छोटी लाकडी नळी पुढे आणली. एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला खडे. खिशात मावेल अशी. आमच्या पत्र्याच्या पेटीतलं पातं आणि पुडी त्या नळीचीच वंशज.

घोटाळा असा की काचेच्या नळीत जे होतं ते मांसात होत नाही. खडे विषापर्यंत पोचत नाहीत, भोवतालचं मांस मात्र जाळतात. हेच खडे कॉलऱ्याच्या साथीत विहिरीत टाकायचे, पण विहीर वेगळी आणि पाय वेगळा. पात्याचं त्याहून वाईट. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. अशा माणसाला कापणं म्हणजे न थांबणाऱ्या रक्तस्रावाला दार उघडून देणं. आणि आवळलेली सुतळी? तिने पायाचा रक्तपुरवठा तुटतो, पाय काळा पडू शकतो, आणि ती एकदम सोडली की अडलेलं विष एकदम अंगभर जातं.

मग इतकी शतकं हे कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मला वाटतं, सगळ्या गोष्टीचं मर्म या प्रश्नात आहे. आपल्याकडच्या बहुतेक सापांना विष नाही. विषारी सापसुद्धा कधी कधी चावतो पण विष सोडत नाही. म्हणजे साप चावलेल्या माणसांपैकी पुष्कळ जण काहीही केलं तरी वाचणार. मांत्रिकाने अंगारा लावला तरी वाचणार, सायबाने खडे भरले तरी वाचणार. वाचलेला माणूस गावभर सांगत सुटतो, मेलेला सांगायला येत नाही. अशाने कुठलाही उपाय हजार वर्षं मजेत जगतो. उपाय खरा की खोटा, हे एका माणसावरून कळत नाही. शंभर माणसं मोजावी लागतात.

अमेरिकेच्या यादीतली ती पिचकारी या सुतळी-पात्याचीच धाकटी बहीण. सुईच्या जागी प्लास्टिक आलं इतकंच. तिचीही मोजणी झाली. २००४ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांच्या पायात विषासारखा निरुपद्रवी द्रव टोचून तो पिचकारीने ओढून पाहिला. रक्ताळलेलं पाणी भरपूर आलं, पण टोचलेल्या द्रवाचा दहा हजारावा काही भागच त्यात होता. सांगायचा मुद्दा, पिचकारी भरलेली दिसते म्हणून माणसाला वाटतं की आपण काहीतरी केलं. आणि त्या वाटण्यात जी पंधरा-वीस मिनिटं जातात, ती त्याची हक्काची असतात.

खरा उपाय एकच, प्रतिविष, म्हणजे आपण जिला सापाची लस म्हणतो ती. घोड्याला विषाच्या अगदी लहान मात्रा देत जायचं आणि त्याच्या रक्तात तयार झालेले विषविरोधी घटक काढून घ्यायचे. फ्रान्सचे आल्बेर काल्मेत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही रीत घालून दिली. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेचं नाव प्लेगच्या लशीशी जोडलेलं आहे, पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी लसही तिथेच तयार होत आली आहे. नातवाने विचारलंच, "मग तीच न्यावी ना बरोबर?" नाही नेता येत. सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी करावी लागते, ती शिरेतून द्यावी लागते, आणि देताना रुग्णाला उलट प्रतिक्रिया आली तर ती सांभाळायला डॉक्टर आणि औषधं हाताशी लागतात. सॅकमध्ये दवाखाना नेता येत नाही. म्हणून माणसालाच दवाखान्यात न्यायचं.

भारत सरकारच्या सर्पदंशाच्या नियमावलीत प्रथमोपचार चार ओळींत मावतात. माणसाला धीर द्या. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा खपाटीला बांधून स्थिर ठेवा, आवळू नका. लवकरात लवकर इस्पितळात न्या. वाटेत काय काय लक्षणं दिसली ती डॉक्टरांना सांगा. अंगठी, कडं, पैंजण आधी काढायचं, कारण सूज येते. साप मारायला किंवा पकडायला जायचं नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे दर वर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार. यातले बहुसंख्य लोक खेड्यातले, शेतात आणि घरात राबणारे. डोंगर चढायला हौसेने जाणारे आपण त्यात थोडे. पण ज्या गावातून आपण चढतो, ते गाव त्या आकड्यात आहे, हे विसरू नये.

सापाचं झालं, आता विंचू. रायगडाला जाणाऱ्यांना महाड ठाऊक असतंच. १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणसं, लहान मुलं, एका रात्रीत दगावायची. दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंडगार आणि शेवटी फुप्फुसात पाणी. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी करत गेले. विष हृदयावर घाला घालतं हे त्यांना त्या नोंदींतून दिसलं. १९८२ साली त्यांचं निरीक्षण लंडनच्या लॅन्सेट या नियतकालिकात आलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं एक जुनं, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं आणि १९८६ मध्ये तेही लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांमध्ये शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू एक-दोनवर आले. २०११ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी विंचवाच्या लशीसह आणि लशीशिवाय प्राझोसिन देऊन केलेली तुलना ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

हे औषध पेटीत ठेवायचं नाही, डॉक्टरनेच द्यायचं. मग मी हे का सांगते? कारण विंचू चावलेल्याला नुसतं दुखत असेल तर ते एक, आणि घाम, उलट्या, थंड हातपाय सुरू झाले तर ते निराळं, हे ओळखणं ज्याला जमतं, त्याच्याजवळ पेटीपेक्षा मोठी गोष्ट आहे. आणि ती गोष्ट एका माणसाने आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी रात्री जागून मिळवली आहे.

पेटीत आलेल्या आणि टिकलेल्या वस्तूंपैकी सर्वांत मोलाची कोणती म्हणाल, तर माझं उत्तर आहे जलसंजीवनीची पुडी. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठरलेल्या मापात मिसळून त्यांनी ते पाणी पिंपांत भरलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या आयाबहिणींकडे दिलं. शंभरात तीसच्या आसपास जाणारी माणसं तीन-चारवर आली. साखरेच्या सोबतीने आतडं मीठ-पाणी शोषून घेतं, हे प्रयोगशाळेला आधी माहीत होतं. पण परिचारिकेवाचूनही घरचं माणूस ते पाजू शकतं, हे त्या छावणीने दाखवलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

गडावरच्या टाक्यातलं पाणी न गाळता पिऊन जुलाब झाले, किंवा मार्च-एप्रिलच्या उन्हात घामाने माणूस गळून गेला, तर हीच पुडी लागते. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. पुडीवर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात ती पूर्ण घालायची. एक लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात घोळून प्यायची नाही. आणि दुकानातून घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची आहे ना, हे पाहायचं. नाव सारखं आणि आत साखरेचं सरबत, असे डबे इतके बोकाळले होते, की २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाला पेयांच्या नावात ओआरएस ही अक्षरं वापरायला मनाई करावी लागली. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

तर मंडळी, इतकी वजाबाकी झाल्यावर पेटीत उरलं काय? पाच जणांच्या दोन दिवसांसाठी मी लिहून दिलेली यादी अशी. जलसंजीवनीच्या दहा पुड्या आणि क्लोरिनच्या गोळ्या. पोव्हिडोन आयोडीनचं मलम. निर्जंतुक गॉझ, कागदी चिकटपट्टी आणि बँडएड, कारण नव्या बुटांनी टाचेला फोड येणार हे सूर्य उगवण्याइतकं नक्की. दोन क्रेप बँडेज, मुरगळलेल्या घोट्यासाठी. दोन त्रिकोणी पट्ट्या. ही त्रिकोणी पट्टी जर्मनीचे शल्यविशारद एस्मार्क यांनी एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय केली आणि आजही हात गळ्यात अडकवायला तिच्यासारखं काही नाही. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल. अंग सुकलेलं असताना किंवा साप चावल्याची शंका असताना दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या नकोत. मधमाश्यांसाठी सेट्रिझिन. आग्या मोहोळ उठलं तर आधी तिथून दूर पळायचं, मग अंगात रुतलेले काटे लवकरात लवकर काढायचे, नखाने की चिमट्याने याचा विचार करत बसायचं नाही. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर गोळीवर विसंबायचं नाही, थेट इस्पितळ. कात्री, चिमटा, शिट्टी, विजेरी. ज्याला दमा, मधुमेह किंवा कसली ॲलर्जी असेल त्याची स्वतःची औषधं, आणि ती कुठल्या कप्प्यात आहेत हे बाकी चौघांना माहीत.

ही यादी एका किलोच्या आत बसते.

आणि सगळ्यांत वर एक कागद आणि पेन्सिल. कागदावर निघण्याआधीच लिहायचं : पायथ्याच्या गावातल्या एका माणसाचा फोन नंबर, सापाची लस ठेवणारं जवळचं सरकारी इस्पितळ, तिथे जायचा रस्ता आणि १०८. रुग्णवाहिकेची ही सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली, पण ती पायथ्यापर्यंत येणार, वरून खाली माणूस आपल्यालाच आणायचा आहे. गडावर मोबाइलला रेंज कुठल्या वळणावर मिळते, तेही गावकऱ्यांना विचारून लिहून ठेवायचं. इस्पितळात आदल्या दिवशी फोन करून लस आहे का, ते विचारायला लाजायचं नाही.

पेन्सिल कशाला? काही झालंच तर वेळ लिहायला. किती वाजता चावलं, किती वाजता उलटी झाली, किती वाजता डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या, काय गोळी दिली. घाबरलेल्या माणसाला वेळ लक्षात राहत नाही, आणि इस्पितळातल्या डॉक्टरला सगळ्यात आधी तीच हवी असते. तिथे तो साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो आणि गोठतं का ते पाहतो. घोणस-फुरशाच्या विषाची ही इतकी साधी कसोटी आहे. त्याच्या त्या वीस मिनिटांना तुमच्या कागदावरच्या वेळांची जोड मिळाली, तर निदान लवकर होतं.

बनगावच्या पिंपांनी माणसं वाचवली, बिरवाडीच्या जागरणांनी वाचवली. दोन्हीकडे कोणीतरी मोजत होतं आणि लिहीत होतं. म्हणून पेटीत पिचकारीच्या जागी पेन्सिल टाका. तिला टोक काढलेलं असू द्या.